ताप नसतानाची गोळी

आमची मुलगी लहान असताना तिला थंडी वाजून ताप यायचा. यायचा, आठवड्यात उतरायचा आणि महिना-दीड महिन्याने पुन्हा यायचा. सत्तरच्या दशकाच्या मधली ती वर्षं. नागपूरच्या जरीपटक्यात एका सिंधी कुटुंबाच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या होत्या. माझी शाळा सकाळची. सातवी-आठवीला इतिहास-भूगोल शिकवून मी दुपारी घरी यायचो. बायको टपाल खात्यात कारकून होती, ती सकाळी कचेरीत जायची ती दिवेलागणीलाच परतायची. ती निघून मी येईपर्यंतचा वेळ मुलगी घरमालकिणीकडे, आणि दुपारपासून माझ्याकडे. त्यामुळे एरवी आईच्या वाट्याला येणारी ही काळजी बरीचशी माझ्या वाट्याला आली.

बाजारातले डॉक्टर हिवतापाच्या कडू गोळ्या द्यायचे. नागपुरात थंडी वाजून ताप आला म्हणजे हिवताप, असं आम्ही सगळेच धरून चालत होतो. गोळ्यांनी ताप उतरला की डॉक्टर खूश, आम्ही खूश. पुन्हा आला की डबक्यांना आणि डासांना शिव्या द्यायच्या.

एका दुपारी मुलगी मोरीत बसून रडायला लागली.

"काय झालं वं?"

"बाबा, आग होते."

मे महिना होता. छपराचे पत्रे तापलेले, कूलरचा पंप पाणी पुरेसं वर चढवत नव्हता. मला वाटलं, उन्हाळी लागली. धने-जिऱ्याचं पाणी गाळून दिलं, बेंबीवर ओलं फडकं ठेवलं. संध्याकाळी बायको घरी आली तेव्हा पोरगी दोन गोधड्यांखाली कुडकुडत होती. दात एकमेकांवर आपटून राहिले होते आणि अंगाला हात लावला तर भाजत होतं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. "अहो, त्या कडू गोळ्या नका देऊ आता. मोठ्या दवाखान्यात नेऊन आणा हिले."

सकाळी मी शाळेत चिठ्ठी पाठवली आणि मुलीला सायकलच्या दांडीवर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. बायको रिक्षाने मागून आली. मुलांच्या विभागात एक वयस्कर डॉक्टरीणबाई बसायच्या. आवाज बारीक, पण बोलणं तुटक. त्यांनी पोट दाबून पाहिलं, पाठीला कमरेच्या वर हलकेच ठोकलं. मुलगी कळवळली.

"लघवीला काही त्रास?"

"थोडी आग होते म्हणे," मी म्हणालो. "पण ते उन्हाळ्यानं असंल."

बाईंनी पेन खाली ठेवला. "हे तुम्ही आधी कुणाला सांगितलं होतं?"

कुणालाच नव्हतं. सांगायची गोष्ट आहे असं वाटलंच नव्हतं.

लघवी तपासली, जंतूंची चाचणी झाली, इंजेक्शनं झाली. ताप उतरल्यावर बाईंनी आम्हाला पुन्हा बोलावलं आणि सांगितलं की हा हिवताप नव्हताच. लघवीचा जंतुसंसर्ग होता, आणि मागचे तापही बहुधा तेच असावेत. असा पुन्हा पुन्हा का होतो, ते एक्स-रे काढून पाहावं लागेल.

तो एक्स-रे मी अजून विसरलो नाही. बारीक नळीने मुलीच्या मूत्राशयात औषध भरायचं आणि ती लघवी करत असताना फोटो काढायचा, अशी ती रीत. टेबलावर झोपवलेली, थंडगार खोली, अनोळखी माणसं. सगळं भरून झालं आणि लघवी कर म्हटल्यावर मुलगी करीचना. अंथरुणात शू करायची नाही, हे आम्हीच तिला शिकवलं होतं. तंत्रज्ञाने बाहेर येऊन मला आत घेतलं, अंगावर शिशाचा जड एप्रन चढवला.

"कर बेटा," मी म्हणालो.

"इथं? आई मारंल."

"नाही मारत. मी सांगतो ना तिले."

"तुम्ही बाहेर पाहा."

मी भिंतीकडे तोंड केलं. तंत्रज्ञाने कोपऱ्यातला नळ सोडला. पाण्याची धार वाजत राहिली आणि मी त्या एप्रनमध्ये घामाघूम होऊन उभा राहिलो. मागून एकदाचा बारीक आवाज आला आणि त्यापाठोपाठ मशीनचा खटका. मुलगी रडत होती. तिला दुखत होतं की लाज वाटत होती, मला कळलं नाही.

बाईंनी फोटो उजेडावर धरला आणि बोटाने दाखवला. लघवी मूत्राशयातून खाली यायला हवी. आमच्या मुलीच्या डाव्या बाजूला ती थोडी वर, किडनीकडे परत जात होती. जंतू असले की तेही सोबत वर जायचे.

किडनी हा शब्द ऐकला आणि बायकोने माझं मनगट धरलं.

"ऑपरेशन करा लागंल का?" तिने विचारलं.

"आत्ता नाही. वय वाढतं तसं बऱ्याच मुलांचं हे आपोआप सुधारतं. तोपर्यंत जंतू वाढू द्यायचे नाहीत, एवढंच आपल्या हातात आहे." बाईंनी कागदावर गोळीचं नाव लिहिलं, नायट्रोफ्युरँटॉइन. लघवीच्या मार्गात जाऊन तिथले जंतू मारणारी गोळी. तिचा लहानसा तुकडा रोज, रात्रीच्या जेवणाबरोबर.

"किती दिवस?" मी विचारलं.

"दिवस नाही. वर्षं लागतील."

"म्हणजे ताप नसला तरी?"

"ताप नसतानाच. ताप आला तर वेगळं औषध. ही गोळी ताप येऊ नये म्हणून."

हे मला समजायला वेळ लागला. आजार झाला की औषध, बरं झालं की बंद, एवढाच हिशेब आम्हाला माहीत होता. इथे धडधाकट, अंगणात उड्या मारणाऱ्या पोरीला रोज औषध द्यायचं, आणि काहीच झालं नाही तर ते औषधाचं यश. काही होत नाही हे गोळीमुळे की तसंच, हे कळायला मार्गच नव्हता.

बायको संध्याकाळी कागदावर गोळी ठेवून ब्लेडने तिचे तुकडे करायची. पिवळीधमक पूड बोटांना लागायची. पहिल्याच आठवड्यात मुलीने दोन-तीनदा ओकून टाकलं. मग आम्ही तूप-साखर लावलेल्या पोळीत पूड गुंडाळून जेवणाच्या मधोमध तो घास द्यायला लागलो, तेव्हा ते पोटात टिकलं.

आणि एका दुपारी मी शाळेतून येतो तर घरमालकीण अंगणातच उभी. डोक्यावर ओढणी, चेहरा गंभीर.

"मास्टरजी, बच्ची को पीलिया हुआ है।"

"क्या?"

"मैंने खुद देखा। एकदम पीला, तेल जैसा।"

मी मुलीचे डोळे ताणून पाहिले, नखं पाहिली, जीभ काढायला लावली. मग मोरीत बसवलं. लघवी खरोखरच गडद पिवळी, तांबूसच म्हणावी अशी होती. तसाच सायकल काढून दवाखान्यात पोचलो. बाई निघायच्या बेतात होत्या.

"गोळीचा रंग आहे तो," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं होतं ना?"

सांगितलं असेलही. किडनी या शब्दानंतरचं किती माझ्या कानांत शिरलं होतं, देव जाणे. "कावीळ नाही न मग?"

"नाही. पण पाहून विचारायला आलात, ते बरं केलंत. डोळे पिवळे दिसले किंवा खोकला-दम लागला तर असेच या."

आता ते दोन नवे घोर लागले. मुलगी खोकली की मी वाचता वाचता थांबायचो.

गोळीशिवाय आणखी नियम होते. पाणी भरपूर. लघवी धरून ठेवायची नाही. आणि एकदा करून झाली की लगेच उठायचं नाही, थोडं थांबून पुन्हा करायची, म्हणजे वर गेलेली उलट खाली येते तीही बाहेर पडते. हे दुसऱ्यांदा बसवणं सगळ्यांत कठीण. मुलीला बाहेर मैत्रिणी हाका मारत असायच्या. मी मोरीच्या दाराबाहेर पाट टाकून बसायचो आणि एका राजाची गोष्ट सांगायचो. शत्रूच्या कैदेतून सुटलेला राजा रानावनातून लपत लपत आपल्या किल्ल्याच्या दारापर्यंत यायचा आणि तिथेच मी गप्प व्हायचो.

"मग?" आतून आवाज.

"दार बंद आहे. दुसऱ्यांदा झाली का?"

"नाही."

"मग पहारेकरी कसा उघडंल?"

थोड्या वेळाने, "झाली. उघडा."

घरमालकीण वरच्या खिडकीतून हे ऐकायची. सुरुवातीला हसायची. पुढे पुढे मला उशीर झाला तर स्वतःच मोरीबाहेर उभी राहून हिंदीत राजाला रानात फिरवायची.

माझी काळजी मात्र कमी झाली नाही. मुलगी झोपली की कपाळावर तळहात, मग गालावर, मग पोटावर. नक्की होईना की बायकोचा हात. ती कंटाळून म्हणायची, "तुमचाच हात थंडा आहे, म्हणून ती गरम लागून राहिली." वर्गात नकाशा भिंतीवर अडकवताना मनात यायचं, सकाळी दूध घेतलं नाही तिनं, काहून घेतलं नसंल? शाळेचा शिपाई माझ्या वर्गाकडे येताना दिसला की मला वाटायचं, घरून निरोप आला. तो बहुतेक वेळा खडू घेऊन यायचा.

दुसऱ्या उन्हाळ्यात बायकोच्या धाकट्या भावाचं लग्न निघालं. माहेर कळमेश्वरच्या पलीकडच्या एका खेड्यात, संत्र्यांच्या बागांतलं. गोळ्यांची पुडी मी सदऱ्याच्या खिशात ठेवली होती, कुठे विसरू नये म्हणून. प्रवासात सदरा मळला. मी आंघोळीला गेलो आणि माझ्या मोठ्या वहिनींनी, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावजयीने, जावयाचा सदरा म्हणून अगत्याने धुऊन दोरीवर टाकला. मी बाहेर येऊन पाहतो तर खिसा हळदीसारखा पिवळा.

वहिनी बिचाऱ्या घाबरल्या. "बाप्पा! डाग आहे का तो? निंघत नाही म्हणून मी तिसऱ्यांदा साबण लावला."

कळमेश्वरच्या औषधाच्या दुकानात माणूस पाठवला. त्यांच्याकडे ती गोळी नव्हती, नागपूरहून मागवावी लागेल म्हणाले. बायको म्हणाली, "आपण परत जाऊ. लग्नाच्या दिवशी मी एकटीच येईन." सासऱ्यांनी ते ऐकलं. शेतात राबलेला, मायाळू माणूस. "जावईबापू, दोन-तीन दिवसानं काय होते? पोट्टी तर घोड्यासारखी धावून राहिली." आणि खरंच धावत होती. बायको माझ्याकडे पाहत राहिली, मी तिच्याकडे. सख्ख्या भावाचं लग्न. आम्ही थांबलो.

गोळी चुकली, पण तेवढंच झालं नाही. तिथे पाणी विहिरीचं, मांडवातल्या पिंपात कोमट झालेलं. मुलीला ते आवडेना. शेताकडे बायकांबरोबर जायचं, तर तिला सगळ्यांसमोर बसायची लाज. ती म्हणायची, "मले नाही लागली." मी विचारलं की "आताच करून आली." लग्नाच्या गडबडीत तिचं खरं किती आणि खोटं किती, हे पाहायला कोण मोकळं होतं?

अक्षता पडल्या त्या संध्याकाळी ती माझ्या मांडीवर येऊन निजली. बाहेर बँड वाजत होता. मी सवयीने कपाळावर हात ठेवला. त्या दिवशी माझा हात थंड नव्हता, तीच तापली होती.

पहाटेच्या पहिल्या एसटीने निघालो. नागपूर येईपर्यंत बायकोने पोरीला पदरात गुंडाळून धरलं होतं. दवाखान्यात दाखल केलं, सलाईन लागलं. मनगट इतकं लहान की सुई लावायला नर्सला दोनदा टोचावं लागलं. त्या दिवसांत बायको खाटेच्या उशाशी आणि मी पायथ्याशी. सासरे भेटायला आले ते दाराशीच उभे राहिले, हातात संत्र्यांची पिशवी. "माह्या तोंडातून निघालं ते," म्हणाले. बायकोने उठून त्यांना स्टुलावर बसवलं आणि पिशवी खाटेखाली ठेवली.

डॉक्टरीणबाई रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "नुसती गोळी चुकल्यानं झालं असं मी म्हणणार नाही. पाणी कमी, लघवी धरून ठेवली, सगळंच जुळून आलं. गोळी सुरू असतानाही कधी होऊ शकतं. मात्र लवकर आणलंत. किडनीला नवी इजा झालेली दिसत नाही."

त्यानंतर बायकोने गोळ्या एका जागी ठेवणं सोडून दिलं. थोड्या घरातल्या फळीवर, थोड्या तिच्या पर्समध्ये, थोड्या कचेरीतल्या खणात. घरमालकिणीकडेही एक डबी देऊन ठेवली. महिन्याचं औषध संपायच्या आधीच पुढच्या महिन्याचं घरात यायचं.

मुलगी शाळेत जायला लागली. तिच्या बाईंना मी जाऊन सांगून आलो, ही मागेल तेव्हा जाऊ द्या. वर्षं गेली. मोठा ताप पुन्हा आला नाही. मधल्या एक्स-रेत उलटी जाणारी रेघ बारीक झालेली दिसली. त्याच्या पुढच्या एक्स-रेत ती नव्हतीच. बाईंनी फोटो दोनदा फिरवून पाहिला आणि हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

"बंद करा गोळी."

"कधीपासून?" बायकोने विचारलं.

"आजपासून."

"हळूहळू कमी करत नाही का नेत?"

"गरज नाही."

"पण आता पावसाळा लागून राहिला. पावसाळा झाल्यावर केली तर?"

"पावसाळ्याचा काही संबंध नाही हो. ताप आला तर आधी लघवी तपासा. बाकी विसरून जा."

विसरून जा, म्हणे. गोळी सुरू करताना मला भीती वाटली होती, ती बंद करतानाच्या भीतीपुढे काहीच नव्हती. इतकी वर्षं आपल्या आणि त्या तापाच्या मध्ये तो पिवळा तुकडा उभा होता. आता मध्ये कुणीच नाही. पहिल्या रात्री जेवताना मुलीने पोळीचा तो मधला घास साधाच खाल्ला आणि मला तो बघवला नाही. पण एक आठवडा गेला, मग दुसरा. काही झालं नाही. माझा जीव थोडा थोडा थाऱ्यावर यायला लागला.

एका दुपारी मुलगी आणि मी जेवायला बसलो होतो. मी कौतुकाने म्हणालो, "पाह्य, गोळी बंद झाली तरी कशी टुणटुणीत आहे माझी पोट्टी."

ती भात कालवत म्हणाली, "बंद कुठं झाली? आई देते ना मले. दुधात."

माझा घास हातातच राहिला. "कधीपासून?"

"रोजच."

"आई म्हणाली का, बाबाले सांगू नको?"

"नाही. तुम्ही विचारलंच नाही."

संध्याकाळी बायको आली, पाय धुतले, चहा घेतला. मी मुलीला वर घरमालकिणीकडे पाठवलं आणि विचारलं. तिने नाही म्हटलं नाही.

"काहून देऊन राहिली वं? डॉक्टरनं साफ सांगितलं ना."

"डॉक्टरसमोर दिवसभर पोरं येतात. माझ्यासमोर एकच आहे." ती कपाकडे पाहत होती. "तुम्हाले काय वाटते, मले समजत नाही? पोस्टात बसल्या बसल्या रोज ठरवते, आज नाही द्यायची. आणि दूध गरम करायला लागली की ते सलाईनचं मनगट दिसते. एक दिवस आणखी, म्हणते. मग आणखी एक."

मी ओरडायचं ठरवून बसलो होतो. पण खरं सांगायचं तर तिचं ऐकताना मला आत कुठेतरी बरंही वाटलं, की इतके दिवस पोरगी उघड्यावर नव्हती. आणि मग त्याच बरं वाटण्याची धास्ती वाटली. असं चाललं तर ही गोळी तिच्या लग्नापर्यंत बंद होणार नव्हती.

"आपण बाईंकडे जाऊ," मी म्हणालो. "तूच सांग त्यायले."

ती आली, आणि तिनेच सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सुरू करताना आयांना समजवावं लागतं. बंद करताना त्याहून जास्त. ते माझ्याकडून राहिलं." त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि बायकोशी अगदी हळू बोलल्या. हे औषध चांगलं, पण गरज नसताना वर्षानुवर्षं चालवलं तर क्वचित कुणाच्या फुप्फुसाला, यकृताला त्रास होतो. आता त्याने फायदा काही नाही, तर तो धोका पोरीला का द्यायचा?

बायकोचा चेहरा उतरला. "मी काही वाईट तर नाही न केलं तिचं?"

"नाही. ठीक आहे ती. पण आता थांबा."

बायकोने पर्स उघडली आणि सगळ्या जागांवरून गोळा करून आणलेल्या पुड्या टेबलावर ठेवल्या. रिकामी पर्स तिने बराच वेळ मिटली नाही.

त्यानंतर खरोखर बंद झाली. ते दिवस आम्ही दोघांनी कसे काढले, ते एकमेकांना कधी विचारलं नाही. हात लावून पाहणं मात्र दोघांचंही वाढलं होतं. एकाने लावला की थोड्या वेळाने दुसरा उठायचा.

आणि हिवाळ्यात ताप आलाच. सकाळी शाळेत जायच्या वेळेला मुलगी उठेना, अंग तापलेलं. बायकोने कचेरीत जायची साडी नेसलेली होती, ती तशीच खाली बसली. मग उठली, लघवीच्या नमुन्यासाठी उकळून ठेवलेली बाटली काढली आणि मुलीला मोरीत नेलं. मी सायकल काढली. लघवी तपासायला दिली आणि आम्ही तिघं दवाखान्याच्या बाकावर बसलो. मुलगी माझ्या खांद्याला टेकून झोपली. बायकोचे ओठ हलत होते. मी तोंडपाठ असलेल्या नद्यांची नावं मनात म्हणत होतो, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

कागद आला. बाईंनी वाचला, बाजूला ठेवला. बॅटरी घेऊन मुलीला आ करायला लावलं.

"लघवी अगदी स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "घसा सुजलाय. हे बघा, लालबुंद. चारचौघा मुलांना येतो तसा साधा ताप आहे."

"घसाच?" बायकोने विचारलं.

"घसाच."

लेकराचा घसा सुजलेला, तिला थुंकी गिळवत नाही, आणि आम्ही दोघं नवरा-बायको तिथे उभे राहून हसत होतो. बायकोच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाकावरची एक बाई आमच्याकडे विचित्र नजरेने पाहायला लागली.

मुलीने आमच्या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहिलं. बोलताना दुखत होतं, तरी बोलली. "मले दुखून राहिलं आणि तुम्ही हासता?"

"नाही वं बाई," बायको म्हणाली आणि तिला कडेवर घ्यायला वाकली. आता ती कडेवर मावण्याइतकी लहान राहिली नव्हती. पाय बायकोच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. तरी रिक्षापर्यंत तिने तिला तसंच नेलं.